सहकुटुंब पाण्याखाली

वर्गात शिरल्यावर सोनकांबळे सर आधी खिडक्या उघडायचे. आमचा क्लास म्हणजे लातूरच्या एका जुन्या मंगल कार्यालयाचं गोदाम. प्लायवुड ठोकून त्याचे कप्पे केलेले आणि प्रत्येक कप्प्यात गावोगावची पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली. आवाज एकमेकांत मिसळतो म्हणून खिडक्या बंद ठेवायचा संचालकांचा हुकूम होता. सर तो रोज मोडायचे. मग खडू हातात धरून पोरांकडं बघत उभे राहायचे.

"आधी श्वास सोडा रे सगळ्यांनी. सकाळपास्नं धरून बसलाव."

पोरं हसायची. हसू ओसरलं की सर भौतिकशास्त्राला हात घालायचे.

मी शेजारच्या कप्प्यात रसायनशास्त्र शिकवायचो. ते हसू प्लायवुडमधून माझ्यापर्यंत यायचं. माझ्या वर्गात कुणी हसत नसे. माझे विद्यार्थी जास्त मार्क मिळवायचे, संचालक माझं नाव जाहिरातीत वर छापायचे, पालक मला वाकून नमस्कार करायचे. तरी तास संपल्यावर पोरं घोळक्यानं जायची ती त्यांच्याकडं. मी फळा पुसत असायचो, अंमळ जास्तच वेळ.

सर ठेंगणे होते. पोट जरा सुटलेलं, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं अस्सल आमच्या भागातलं; मी पुण्यात शिकून जे घासून काढलं होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. आम्ही दोघंही कंधार तालुक्यातले. माझ्या घरची शेती होती, मळ्यात बांधीव विहीर होती. त्यांचे वडील त्याच शिवारात मजुरीला जायचे. सर पोहायला शिकले मन्याड नदीच्या डोहात. मी घरची विहीर असून शिकलो नाही. आईला भीती वाटायची. एकदा स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "पाठक सर, तुमच्या विहिरीत मासे होते का हो? आम्हाला पाणी वरून ओतायचे, वाकून बघायला कधी भेटलंच न्हाई."

बाकीचे हसले. सरही हसले. मी कप विसळायला उठलो.

भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं नुकते नोकरीला लागलो होतो. सगळं लातूर उघड्यावर झोपत होतं. मी आईवडिलांना घेऊन मैदानात सतरंजीवर बसून होतो, आणि सोनकांबळे सर ट्रकमध्ये चढून पडलेल्या गावांकडं गेले होते. तिथलं ते कधी बोलले नाहीत. मला कळलं ते पुष्कळ नंतर, त्यांच्या बायकोकडून, ललिता वहिनींकडून. दगडमातीच्या ढिगाखाली एक म्हातारी अडकली होती. दगड उपसायला माणसं लागलेली, पण वेळ लागणार होता. सर फटीला तोंड लावून पालथे पडले आणि तिच्याशी बोलत राहिले. "मावशी, हळू श्वास घ्या. घाई न्हाई. मी हितंच हाय." दिवस कलेपर्यंत तेवढंच. म्हातारी जिवंत निघाली आणि निघाल्या निघाल्या सरांवर खेकसली, "मुडद्या, माझी शेळी आधी काढायची होतीस!"

वहिनी हे सांगताना हसत होत्या. "तवापास्नं ह्यांना तेवढंच येतंय बघा. हळू, घाई न्हाई. लग्नात अक्षता पडायच्या आधी मला पण तेच म्हणले."

पुढं लातूरला क्लासेसचं पीक आलं. गल्लीगल्लीत वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं. आमची चांदी झाली. त्याच काळात क्लासची सहल मालवणला गेली. किनाऱ्यावर एक तरुण लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून, तोंडात नळी देऊन पाण्याखाली नेत होता. आम्ही सगळे वाळूत भेळ खात बसलो. सर गेले. थोड्या वेळानं वर आले ते बोलेनातच. बसमध्ये माझ्या शेजारी बसले होते. कोल्हापूर गेलं, सोलापूर आलं, तेव्हा म्हणाले, "सर, खाली श्वास घेता येतो. मी एकट्यानं बघून आलो. हे काही बरोबर झालं न्हाई. घरच्यांना न्यायला पायजे."

मी म्हणालो, "लातुरात नळाला पाणी नाही, आणि तुम्ही बुडायला समुद्रावर निघालात."

"म्हणून तर," ते म्हणाले.

त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत सोनकांबळे कुटुंब मालवणला जायला लागलं. सर, वहिनी, मुलगी प्रज्ञा, धाकटा सुमेध. सर आणि वहिनींनी तिथं रीतसर कोर्स केला. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, पंजाबी ड्रेसवर पाण्याखाली जायचं काळं जॅकेट घातलेला त्यांचा फोटो शाळेत पोचला तेव्हा मुख्याध्यापकांनी म्हणे विचारलं, "बाई, हे कुठलं प्रशिक्षण?" सरांचा नियम एकच होता. गेले तर सगळे. "एक जण पाण्यात आन तिघं काठावर, हे आपल्याला जमत न्हाई. काठावरचा माणूस नुसता भेत राहतो, न्हाईतर जळत राहतो."

ते हे माझ्याकडं बघून म्हणाले नव्हते. पण मला तसंच वाटलं.

मुलांची तयारी मात्र लातूरला व्हायची. शहराबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर होती. आमच्याकडं पोरं विहिरीतच पोहायला शिकतात, पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून. सरांनी तोच डबा घेतला. कॉलनीतली आठ-दहा पोरं रविवारी पाठीला डबे बांधून विहिरीच्या पायऱ्यांवर रांगेत बसायची. पोहायला आलं की शेजारच्या सिमेंटच्या हौदात दुसरा धडा: तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, डोकं पाण्याखाली आणि श्वास चालू. सगळा भर त्या चालू श्वासावर. "बुडबुडे दिसले पायजेत मला. बुडबुडे थांबले की मी वर काढणार."

आणि खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातांच्या खुणा असतात. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की बरं चाललंय. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय. सरांची पोरं त्या घरीदारी वापरायची. एका लग्नात पंगतीच्या गोंगाटात सुमेधनं लांबून पंजा हलवला. सरांनी ताट तसंच ठेवलं, उठले, पोराला घेऊन मोरीकडं गेले. पोरगं पोटभर ओकलं आणि येऊन पुन्हा जिलबी खायला बसलं. क्लासमध्ये एकदा चाचणी चालू असताना प्रज्ञानं तोच पंजा हलवला. सरांनी तिला बाहेर सोडलं. कडुनिंबाखाली बसून ती परत आली. मार्क पडले ते पडले. मी संचालकांच्या कानावर घातलं की सर मुलीला सवलत देतात. हो, मीच घातलं. तेही लिहूनच टाकतो.

माझी अनघा तेव्हा आठवीत होती. आमच्या घरात भिंतीवर वेळापत्रक होतं. मी विचारायचो, ती उत्तर द्यायची, बरोबर असायचं. तिला काय बरं वाटतं, काय नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही हेही लक्षात आलं नव्हतं. ती विहिरीवर जायला लागली ती बायकोच्या परवानगीनं. एका रविवारी मी तिला आणायला गेलो. पोरं हौदात होती, सर मधोमध. अनघा पाण्यातून वर आली, केस डोळ्यांवर, आणि तिनं सरांकडं बघून पंजा हलवला. सरांनी तिच्या कानापाशी हात धरला, काहीतरी विचारलं, नाक दाबून फुंकायला लावलं. तिनं बोटांचा गोल केला. दोघंही हसले. मी हौदापासून दहा पावलांवर होतो. तिचा कान दुखतो हे मला तिथं कळलं.

त्या दिवसापासून मला सर सहन होईनात.

दिवाळीला आम्हीही मालवणला जायचं ठरलं. सरांनी अट घातली, आईबापांनी निदान हौदात तरी उतरायचं. बायको साडी खोचून उतरली आणि पोरीसारखी खिदळली. मी रक्तदाबाचं कारण सांगितलं. सर म्हणाले, "कमरेएवढ्यात उभे ऱ्हावा फक्त. पोरीला दिसायला पायजे." मी नाही म्हणालो. त्यांनी ताणलं नाही.

पण मला सुमेध आणि प्रज्ञापेक्षा अनघा पुढं गेलेली बघायची होती. मी क्लासचा माणूस. मला एकच रीत येत होती: सराव, वेळ, पुन्हा सराव. अनघाची शाळा सकाळची. दुपारी बायको तिच्या शाळेत शिकवायला गेली की मी न्हाणीघरात बादली भरायचो. अनघानं त्यात तोंड बुडवायचं, श्वास रोखायचा, मी घड्याळ धरायचो. कालच्यापेक्षा आज जास्त. ती वर यायची तेव्हा तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि पहिला प्रश्न, "बाबा, किती?" मी सांगितलं की टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो. "सोनकांबळेकाकांना सांगायचं नाही हं," मी म्हणायचो, "तिथं गेल्यावर दाखवू." न्हाणीघरभर पाणी सांडायचं. आम्ही दोघं मिळून ते पुसायचो, बायको यायच्या आत. बाप आणि मुलगी म्हणून आमच्या वाट्याला आलेल्या त्या सगळ्यात सुखाच्या दुपारी. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

पाण्याखाली सिलिंडरमधली हवा घेतली की श्वास रोखायचा नसतो. खाली पाण्याचा दाब असतो. माणूस वर येतो तसा दाब कमी होतो आणि छातीत कोंडलेली हवा फुगत जाते. तिला वाट दिली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. हा नियम मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. दाब घटला की वायूचं आकारमान वाढतं. पोरांकडून घोकून घेतला होता, त्यावरची गणितं झोपेतून उठवलं तरी सोडवीन इतकी केली होती. न्हाणीघरात बादलीपुढं उकिडवं बसून घड्याळ बघताना तो मला एकदाही आठवला नाही. माझ्यासाठी तो प्रश्नपत्रिकेतला होता.

मालवणला सकाळ स्वच्छ होती. किनाऱ्यापासून थोडं आत, उथळ जागी बोट थांबली. मी बोटीतच. सर, वहिनी, दोन्ही मुलं, माझी बायको, सगळे जॅकेटं घालून पाण्यात. बायको दोराला धरून वरवरच तरंगत होती. अनघाला बाबल नावाचा तिथला प्रशिक्षक घेऊन गेला, समोर सोनकांबळे सर. मला वरून फक्त बुडबुडे दिसत होते. एकेका माणसाची बुडबुड्यांची एकेक माळ. कुठली कुणाची हे मी बोटीच्या कडेला ओणवून ओळखायचा प्रयत्न करत होतो.

एक माळ थांबली. अनघाची.

आणि मी खूश झालो. खोटं बोलत नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो, न्हाणीघरात मोजायचो तसे. बघा म्हटलं, सोनकांबळे सर, बघा माझी पोरगी.

मग पाणी ढवळलं. खाली काय झालं ते मला नंतर कळलं. गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून अनघा वर यायला निघाली होती. बाबलनं तिचं जॅकेट धरून तिला जागीच थोपवलं. ती आणखी घाबरली, आणखीच गच्च मिटली. सर तिच्या तोंडासमोर आले. स्वतःच्या तोंडातली नळी काढली आणि तिच्याकडं बघत हळूहळू फुंकर घालत बुडबुडे सोडत राहिले, लहान बाळापुढं करतात तसे. ती बघत राहिली. मग तिच्याही तोंडातून बुडबुडे निघाले.

तिला बोटीत घेतलं तेव्हा ती खोकत होती, छाती दुखते म्हणत होती. बाबलचा चेहरा पांढराफटक. तो सरांवर ओरडला, "श्वास धरून वर येय होता चेडू! जीव गेलो असतो मा! हिका ह्या कोणी शिकवल्यान?"

बोटीत सगळे होते. माझी बायको, वहिनी, मुलं. सर्वांनी सरांकडं बघितलं; पोरांना शिकवणारे तेच. सरांनी अनघाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी तिच्या खांद्यावर टॉवेल नीट करत होतो.

"तयारी माझ्याकडं होती," सर म्हणाले. "चूक माझी हाय."

मी टॉवेल नीट करत राहिलो.

डॉक्टरांनी तपासलं, एक दिवस ठेवून घेतलं, काही नव्हतं. पण लातूरला बातमी आमच्या आधी पोचली. सोनकांबळे सरांनी पाठकांची पोरगी बुडवली असती. पुढच्या रविवारी विहिरीवर फक्त त्यांचीच दोन पोरं होती. कॉलनीत बायका बोलायच्या, "स्वतःची न्या ना, दुसऱ्याच्या पोरांशी कशाला खेळ?" काही जण जरा वेगळंही बोलले, कुणाच्या नादाला लागायचं याचा विचार करावा माणसानं, असं, ते कशाबद्दल होतं हे मला चांगलं कळत होतं. संचालकांनी त्यांना बोलावून समज दिली. प्रत्येक ठिकाणी मला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंच वाक्य मी बोललो नाही. खोटं काय सांगू, थोडं बरंही वाटत होतं. पोरांचे घोळके आता त्यांच्याभोवती नव्हते.

सरांनी त्यानंतर दुसऱ्याच्या पोराला पाण्यात घातलं नाही. डबे शेतकऱ्याला देऊन टाकले. दोन वर्षांनी क्लास सोडून ते नांदेडला एका कॉलेजात गेले. निरोप समारंभाचं भाषण मी केलं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

अनघा मात्र त्यांना फोन करायची. बारावीनंतर, नोकरी लागल्यावर, लग्न ठरल्यावर. मलाही करते, गोळ्या घेतल्या का विचारते. त्यांच्याशी अर्धा अर्धा तास बोलते. मी दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचतो, आवाज न करता पान उलटतो. मला वाटायचं, तिनं मनात बाप बदलला आणि त्या बोटीतच बदलला. मी गप्प बसलो ते तिनं बघितलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. सर सकाळी पोहण्याच्या तलावावर असतात, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. गेलो. सगळं कुटुंब पाण्यात. वहिनी, प्रज्ञा, सुमेध सुट्टीवर आलेला, आणि सरांच्या दंडांवर आडवी, पाय मारत असलेली प्रज्ञाची मुलगी. सर पार पिकले होते. मला बघून काठाशी आले, कठड्यावर हाताची घडी घातली.

"पाठक सर! या, पाय तरी सोडा."

मी बूट काढून काठावर बसलो, पाय पाण्यात सोडले. आणि एका दमात बोलून टाकलं. न्हाणीघर, बादली, घड्याळ. बोटीतलं माझं गप्प बसणं. बोलताना मी पाण्यातल्या माझ्या पायांकडंच बघत होतो.

सरांनी कठड्यावरचं पाणी तळहातानं निपटलं. मग म्हणाले, "म्हाइती हाय मला."

"कधीपासून?"

"तवापास्नंच. दवाखान्यात तुम्ही औषधं आणायला गेल्ता. पोरगी रडायली होती. बादलीचं सगळं सांगितलं. म्हणाली, काका, बाबांचं नाव काढू नका. त्यांना लई वाईट वाटंल. ते माझ्यासंगं एवढंच खेळतेत." त्यांनी तोंडावरून ओला हात फिरवला. "मग न्हाई काढलं. शब्द दिल्ता तिला."

"तुमचं सगळं बंद पडलं, सर. विहीर, पोरं..."

"पडलं," ते म्हणाले. "लई दिवस राग होता तुमचा. खोटं कशाला सांगू. एकदा तर तुमच्या दाराशी येऊन माघारी गेलो."

एवढंच. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच. माझ्या मुलीनं माझ्यासाठी केलेली एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं या माणसाजवळ होती आणि ती त्यानं माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांभाळली होती.

"आबा, चला ना!" नात पाण्यात उड्या मारत ओरडली. मग माझ्याकडं बोट करून विचारलं, "ते कोण आहेत?"

मला वाटलं, ते म्हणतील, लातूरचे एक सर आहेत.

"हे?" सर वळून तिच्याकडं निघाले. पाणी कापत चालताना त्यांचे खांदे डावीउजवीकडं हलत होते. "हे अनघा मावशीचे बाबा हायेत."

पोरीनं मान डोलावली. तेवढी ओळख तिला पुरली. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि दोघं पाण्याखाली गेले.